टिपा लिहा : पाच गुण

एका पोरानं लिहिलंय,
'पिंगपाँग हे चीनचे तत्कालीन पंतप्रधान होते.
त्यांचा स्वभाव मनमिळाऊ होता.'
मी लाल पेन खाली ठेवतो.
हिंगोलीची एप्रिलातली धूळ गठ्ठ्यावर बसते,
तिला कुठल्याच विषयाचं वावडं नाही.
निवृत्तीला सात आठवडे उरलेत.

निजामाच्या छावणीतला ऑफिसर्स क्लब,
पत्र्याचं छत, सागाचं टेबल,
आणि सटवाजी, म्हणजे माझे बाबा, तिथं मार्कर.
रोज साडेपाचला
अझमत वकील या टोकाला,
कळमनुरीकर डॉक्टर त्या टोकाला,
मधे सहा इंचांची जाळी.
खेळायचे. बोलायचे नाहीत.
अठ्ठेचाळीसच्या भादव्यापासून नाहीत.
कुणाचा भाऊ परतला नाही, कुणाचं दुकान गेलं,
बाबांनी सांगितलं नाही,
आणि इतिहास शिकवायला लागलो तरी
मीही विचारलं नाही.

सगळं बाबांमार्फत.
'वकीलसाहेब म्हणतात, पंखा कमी करा.'
'डॉक्टर म्हणतात, जाळी ढिली झाली.'
टेबल नऊ फुटांचं, दोघांनाही ऐकू यायचंच.
तरी बाबा सांगायचे, शब्द न बदलता,
आवाज तेवढा जरा मऊ करून.

वर्गात वॉर्सा शिकवताना,
दोन राजदूत, शंभरावर बैठका, हाती जवळपास काही नाही,
मला बाबांचा खाकी सदरा दिसतो.

जिनिव्हात एकानं पुढे केलेला हात
दुसऱ्यानं घेतला नाही, असं सांगतात.
पुस्तकात ते एका ओळीत आहे.
तो हात खिशापर्यंत परत जायला
किती वेळ लागला, ते नाही.

मी बासष्टचा.
त्याच साली आपलंही चीनशी वाजलं, चेंडू मिळेनासे झाले.
बाबा चेपलेला चेंडू चहाच्या आधणात सोडायचे,
तो फुगून टुणकन वर यायचा,
तांबूस, आल्याचा वास मारत जाळीवरून जायचा.

मग एकाहत्तर.
नागोयात एक अमेरिकी पोरगा चिन्यांच्या बसमध्ये चढला,
एका चिनी खेळाडूनं त्याला रेशमावर काढलेला डोंगर दिला.
आणि क्लबातल्या रेडिओवर बातमी,
अमेरिकेचे खेळाडू पेकिंगला निघालेत.
वकिलांनी ऐकली. डॉक्टरांनी ऐकली.
कुणी सांगितलं नव्हतं,
तरी बाबांनी आवाज वाढवला.

वीस-एकोणीस.
वकिलांचा फटका डॉक्टरांच्या कडेवरून गेला.
लागला की नाही, फक्त डॉक्टरांना दिसलं.
'लागला,' डॉक्टर म्हणाले.
बाबांना नाही. सरळ समोर.
चेंडू घरंगळत भिंतीशी गेला,
तो आणायला बसलेला मी उठलोच नाही.
'नै लगी,' वकील म्हणाले.
'अहो, लागला.'
'नै लगी, डागदर. मेरेकू मालूम.'
अमेरिका-चीनची बावीस वर्षं, आमची तेवीस,
आणि आता दोन म्हातारी माणसं
पॉइंट एकमेकांच्या पदरात टाकायला भांडत होती.
बाबांनी पाटीवर काहीच लिहिलं नाही.

पुढे विशेष काही नाही.
कुणी कुणाकडे जेवायला गेलं नाही.
पावसाचं, मूळव्याधीचं, जिनिंगच्या खटल्याचं
दोन-तीन वाक्यं बोलायचे.
बाबांचं काम निम्म्यावर आलं,
त्यांना ते फारसं आवडलं नसावं.

शांघायच्या मसुद्यातही
आमचं म्हणणं असं, आमचं म्हणणं तसं,
दोघांनी वेगवेगळंच लिहिलं. कागद तेवढा एक.
वकिलाती उघडायला त्यानंतर सात वर्षं गेली.
आमचे वकील त्याच्या आदल्या वर्षीच गेले.
डॉक्टर जनाज्यामागं चालत
कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आले.
आत गेले की नाही, फक्त बाबांना माहीत.

धूळ झटकून मी पेन उचलतो.
नियमाप्रमाणे शून्य.
पण त्या 'मनमिळाऊ'च्या कडेला काहीतरी लागलंय,
मला दिसलंय.
अर्धा गुण.